मोडलेल्या लग्नाचा बस्ता

धरणगावच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती, आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही. सकाळी सात वाजता आबा बटण दाबायचे, पट्टा फटफट करत फिरायला लागायचा आणि मग दुपारपर्यंत घरातलं सगळं बोलणं ओरडूनच व्हायचं. कोणाचं दळण चाललंय हे मला स्वयंपाकघरात बसून वासावरून कळायचं. दादर ज्वारीचा गोडसर वास, हरभऱ्याच्या डाळीचा कच्चा वास, आणि कळण्याचा, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाचा, सगळ्यांत खमंग. माय त्या कळण्याच्या भाकरी थापायची, वर लसूण-मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. आबा जेवायला बसायचे तेव्हा त्यांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, मनगटावरचे केस, सगळं पांढरं असायचं. लहानपणी मला वाटायचं आबा म्हातारे आहेत. ते खरोखर म्हातारे झाले तेव्हा मला फरकच कळला नाही.

मी जळगावला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नोकरीला होते. पेशंटचं नाव पुकारायचं, डोळ्यांत थेंब टाकायचे, डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्यांना मध्येमध्ये सांगायचं की उघडू नका. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. माझं लग्न ठरलं ते ह्याच दिवसांत. मुलगा धुळ्याचा, सरकारी कचेरीत कामाला. साखरपुड्यानंतर एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. नव्या वसाहतीतलं, रंगाचा वास न गेलेलं घर. सासूबाई होणार होत्या त्या बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर भिंतभर कडाप्प्याच्या मांडण्या आणि त्यांच्यावर काही नाही, एक काडेपेटीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "हे सगळं आता तू भर." चांगल्या मनानेच म्हणाल्या असतील. पण परतीच्या गाडीत बसल्यापासून मी त्या मांडण्या भरायला लागले. इथे चहाचे कप, तिथे बरण्या, खाली कुकर. पारोळा येईपर्यंत माझी एक भिंत भरून झाली होती.

पहिली खरेदी तिथून सुरू झाली. कप, बरण्या, चादरी, दोन साड्या. माय कौतुक करायची, शेजारणींना बोलावून दाखवायची. आबांचं म्हणणं एवढंच, की खरा बस्ता, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून काढायचा असतो, तेव्हा साड्यांना आत्ताच हात लावू नको. तो बस्ता निघालाच नाही. मध्यस्थ होते चाळीसगावचे नाना, त्यांचा फोन आला की ती माणसं नाही म्हणतात. का, तर जमत नाही. काय जमत नाही, ते त्यांनाही सांगितलं नव्हतं. आबा धुळ्याला जाऊन आले. तिथे त्यांना चहा दिला, फरसाण दिलं, आणि कारण दिलं नाही. मी त्या मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, "तुमच्यात काही कमी नाही," आणि फोन ठेवला. आता माझं वय पन्नाशीला टेकलंय, दोन मुलांची लग्नं व्हायची आहेत, तरी मध्येच भांडी घासताना मला वाटतं की काय कारण असेल. दुःख म्हणून नाही. एखादी वस्तू ठेवली कुठे ते आठवत नाही, तसं.

घरात कोणी मला काही बोललं नाही, आणि मीही रडले वगैरे नाही. पुढच्या पगाराला मी नेहमीसारखी दवाखान्यातून निघाले, स्टँडवर जायचं तर बाजारात शिरले आणि एका दुकानात गादीवर बसले. दुकानातल्या माणसाने साडी उलगडून माझ्यासमोर फर्रकन फेकली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नव्या कापडाचा, खळीचा तो वास. त्याने विचारलं, "ताई, घरचं लग्न आहे का?" मी म्हटलं, "माझंच." "कधी?" "पुढच्या महिन्यात." मग त्याने पोराला चहा आणायला पाठवलं आणि ठेवणीतला माल काढला.

मी खोटं का बोलले ते मला तेव्हाही कळलं नाही. लग्न मोडलं त्याचं दुःख म्हणून मी खरेदी करत होते असं आज कोणी म्हटलं तर मी मान हलवीन, पण पुरतं पटणार नाही. त्या मुलाचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नव्हता. मला साडीही नको असायची. दुकानात बसलेली असताना सगळं स्वच्छ असायचं, हा रंग की तो रंग, एवढाच प्रश्न जगात असायचा, आणि त्याचं उत्तर मला येत असायचं. पैसे दिले की धूसर व्हायला लागायचं. पाळधी येईपर्यंत मांडीवरची पिशवी जड वाटायला लागायची, आणि धरणगावला उतरताना मला तिचा राग आलेला असायचा. मागच्या खोलीत पत्र्याची एक मोठी कोठी होती. तिचा तळ गंजला म्हणून तिच्यात धान्य भरणं बंद झालं होतं. पिशवी मी तिच्यात टाकायची, झाकण लावायची, आणि जेवायला बसायची. "पगार कुठे ठेवतेस?" असं मायने एकदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, पोस्टात. असं सव्वादोन वर्षं चाललं. प्रत्येक महिन्यात माझं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

थांबायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पगाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने स्टँडवर जायचं ठरवायची. दोन महिने जमलंही. तिसऱ्या महिन्यात त्या दुसऱ्या रस्त्यावर चादरींचा सेल लागला. एकदा मी एकदम चार पायपुसणी घेतली, चारही एकसारखी, 'सुस्वागतम' लिहिलेली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "चार दरवाजांचं घर आहे का वो?" आणि मी हो म्हटलं.

मग गिरणीची मोटर जळाली. भर सकाळी, घमेल्यात अर्धं दळण असताना, आधी जळका वास आला आणि पट्टा थांबला. घर इतकं शांत झालं की मायने मागच्या दारातून घाबरून येऊन विचारलं, काय झालं. आम्हाला त्या घरात हळू बोलायची सवयच नव्हती. त्या दिवशी जेवताना तिघांचेही आवाज मोठे निघत होते आणि आम्हीच दचकत होतो. मोटर पुन्हा भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, घ्यावी लागणार होती, जमली नाही तर नवीन. आबा भाकरी मोडत म्हणाले, "बेटा, तुना पोस्टाना पैसा काढ बरं. हंगाम शे. गिऱ्हाईक दुसरीकडे गया ते परत येत नहीत."

मी म्हटलं, "काढते उद्या."

काढायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माय नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मी कोठीतून सात साड्या काढल्या, सगळ्या नव्या, घडी न मोडलेल्या. मोठ्या पिशवीत भरल्या आणि जळगाव गाठलं. दवाखान्यात सांगितलं की बरं नाही. ज्या दुकानातून सर्वांत जास्त घेतल्या होत्या तिथेच आधी जायचं, परत घ्या म्हणून पाया पडायचं, एवढं ठरवून गेले होते. दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकलं तर दारातल्या नोकराने माझी पिशवी बघितली आणि म्हणाला, "वर जा ताई, बस्ता वर चालू आहे." मी त्याला सांगायला हवं होतं. पण पाय जिन्याकडे वळले होते.

वर मोठा हॉल, पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या, आणि बायकाच बायका. एका बाजूला मुलीकडच्या, दुसऱ्या बाजूला मुलाकडच्या, मध्ये साड्यांचा ढीग. मी मधल्या जागेत, खांबाला टेकून बसले. मुलीकडच्या बायकांना वाटलं मी मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. बोलण्यावरून कळलं की मुलगी जामनेरची आहे. आणि मग एक बाई म्हणाली, "आमच्या धुळ्याला असे काठ कोणी नेसत नाही."

मी कप खाली ठेवला. धुळ्याचा मुलगा. आता उठून जावं, की नाव कळेपर्यंत थांबावं? मी थांबले. थोड्या वेळाने नाव निघालं, आडनाव निघालं, आणि तो तो नव्हता. मला बरं वाटलं का वाईट, हे मी त्या क्षणी तपासून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, पण उत्तर सापडलं नाही. जायला आता काहीच हरकत नव्हती. तेवढ्यात मुलीच्या आत्याने, त्यांना सगळे अक्का म्हणत होते, एक साडी माझ्यापुढे धरून विचारलं, "ही कशी वाटते तुम्हाले?"

मी पदर बोटांत चोळला. म्हटलं, "रंग उतरेल हिचा. आणि मानाच्या साड्यांत एवढी जर कशाला? ती बदामी बघा."

बदामी निघाली. मग एकेक जण मला विचारायला लागली. मला सगळं येत होतं हो. दोन वर्षं मी दुसरं केलं काय होतं? कुठला काठ धुतल्यावर आक्रसतो, कुठला रंग ट्यूबलाईटखाली फसवतो, सावळ्या अंगाला काय खुलतं. नवरीसाठी राणी रंगाचा शालू मीच काढला. ती बारकीशी, गप्प मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. जवळजवळ दोन तास मी तिथे होते. खोटं कशाला सांगू, लग्न मोडल्यापासून इतकं छान मला कधी वाटलं नव्हतं. आणि एक पैसा खर्च झाला नव्हता.

जेवणाच्या ताटांचं सांगायचं म्हणून अक्कांनी माणसं मोजली. "आमच्या अकरा. तुमच्या?"

"आठ," मुलाची मावशी म्हणाली.

अक्कांनी पुन्हा बोट फिरवलं. "मंग ह्या वीस कशा होतात?" बोट माझ्यावर येऊन थांबलं. "बाई, तुम्ही कोनाकडच्या व्हय?"

मी म्हटलं, "मुलाकडची."

"आमच्याकडची नाहीये ही," मावशी म्हणाली.

हॉलमध्ये साड्या फेकण्याचा आवाजसुद्धा थांबला. माझ्या मांडीवर मोठी पिशवी, आत नव्या साड्या. मला काय समजतील ते मला स्वच्छ दिसलं.  तेवढ्यात ती गप्प मुलगी म्हणाली, "माझ्या मैत्रिणीची बहीण आहे. मीच बोलावलं. चला ताई, खाली मॅचिंग दाखवा मला," आणि माझा हात धरून तिने मला जिन्यावर नेलं.

अर्ध्या जिन्यात थांबून तिने हात सोडला. "आता खरं सांगा. कोण तुम्ही?"

"मी साड्या परत करायला आले होते. चुकून वर आले."

"चुकून दोन तास?" ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मला वाटलं तुम्ही त्यांच्याकडच्या. म्हणून तुम्ही म्हणाल त्याला मी हो म्हणत होते. तो राणी शालू मला आवडलेलाच नाही."

"मग कोणता आवडला?"

"कोणताच नाही. मला काही कळतच नाहीये, ताई." तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली. मलाही हसू आलं. एकमेकींचं नावही माहीत नसलेल्या आम्ही दोघी, जिन्यात तोंडावर हात धरून हसतोय. मग तिने डोळे पुसले आणि माझी पिशवी उचलली. "चला, परत करायच्या ना?"

खाली शेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती म्हणाली, "काका, मग आमच्या साड्याही वरच राहू द्या." शेठनी तिच्याकडे बघितलं, मग चष्मा लावून माझ्याकडे. "तुम्ही येता ना नेहमी? तुमचं लग्न होतं ना पुढच्या महिन्यात?" मग म्हणाले, "तीनचार वेळा सांगितलं तुम्ही."

"झालं नाही," मी म्हटलं. "मोडलं. दोन वर्षं झाली."

हे वाक्य मी तोपर्यंत कोणासमोर उच्चारलं नव्हतं. माझ्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे बोलायची वेळच आली नव्हती. बोलल्यावर काही विशेष झालं नाही. शेठनी चष्मा काढला, सातही साड्या उलगडून पाहिल्या, दोन त्यांच्या दुकानाच्या नव्हत्या त्या बाजूला सारल्या आणि पाचांचे पैसे, थोडे कापून, माझ्यासमोर ठेवले. मुलगी तोपर्यंत वर निघून गेली होती. तिने शेवटी कोणता शालू घेतला, ते लग्न तरी केलं का, मला माहीत नाही. जामनेरचं कोणी भेटलं की विचारावंसं वाटतं. पण काय विचारणार, मला तिचं नाव माहीत नाही.

घरी आले तर आबा बंद गिरणीपुढे खुर्ची टाकून बसले होते. मी पैसे दिले आणि, त्यांनी काही विचारायच्या आत, पोस्टात काही नाही हे सांगितलं. मग मागच्या खोलीत नेऊन कोठीचं झाकण उघडलं. मायने एकेक पिशवी बाहेर काढली. बांगड्या, चादरी, तीन कुकर, पायपुसणी, साड्या. काढता काढता तिचा हात मंदावत गेला. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर मला पुढे काय करायचं ते कळलं असतं. पण ती त्या ढिगाकडे अशी बघत होती, जणू कोणी परकी बाई आपल्या घरात राहून गेली आणि सामान विसरली.

आबा दारात उभे होते. ते म्हणाले, "तुले काय जोयजे व्हतं, पोरी?"

काय हवं होतं तुला. रागाने नाही, गिऱ्हाइकाला जाड का बारीक विचारतात त्या आवाजात. मी विचार केला, खरंच केला. आणि म्हटलं, "माले माहीत नही, आबा." ते म्हणाले, "बरं." मोटर त्या पैशांत भरून झाली नाही, उरलेले त्यांनी कुठून आणले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी पगाराचं पाकीट न उघडता मायच्या हातात द्यायला लागले. ही कल्पना माझीच. सकाळी ती मला बसच्या भाड्याचे पैसे द्यायची, वर चहाचे. सुटले असं मात्र झालं नाही. पहिले काही महिने बाजाराच्या तोंडाशी आलं की माझ्या तळहातांना घाम यायचा. एकदा चहाचे पैसे आठ दिवस साठवून मी केसांच्या क्लिपांचा अख्खा पुठ्ठा घेतला. पण तो कोठीत टाकला नाही, घरात शिरताच मायसमोर ठेवला आणि सांगितलं. मायने तो गिरणीच्या खिळ्याला अडकवला. दळण घ्यायला येणाऱ्या पोरी एकेक क्लिप लावून घरी गेल्या. कोठीतल्या वस्तू माय वापरायला लागली. आमच्या घरात पाहुणा आला की नव्या कपात चहा मिळायचा, आणि माझा जीव दर वेळी त्या कपांत अडकायचा. एक फुटला तेव्हा मोकळं वाटलं. सगळे फुटले असते तरी चाललं असतं, पण तसं काही झालं नाही. आजही मी दुकानात जाण्याआधी काय आणायला चालले ते घरातल्या माणसाला मोठ्याने सांगून निघते. फोनवर साड्या दिसतात, बोट थांबतं. मग मी नवऱ्याला हाक मारते. तो विचारतो, "काय गं?" मी म्हणते, "काही नाही." एवढ्याने भागतं. का भागतं, विचारू नका.

दीड वर्षाने मायने एके दिवशी पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. "आते तूच ठेव. मन्हा हाते नको."

मी विचारलं, का?

ती पदराशी चाळा करायला लागली. माझी माय, जिला मी कधी ओशाळलेली पाहिली नव्हती. मग ती आत गेली आणि एक साडी घेऊन आली. हिरवीगार, बारीक काठाची, साधी. तुझ्या पैशातून मी ही घेतली, म्हणाली. न विचारता. 

"माले हिरवीच जोयजे व्हती," माय म्हणाली. "कवयपासून मनमा व्हती. तुना बस्तामा घिऊ म्हणे, ते ऱ्हाईच गयं."

किती वर्षांपासून तिला ती हवी होती, कुठला हिरवा, काठ किती बोटांचा, सगळं तिला माहीत होतं. माझ्या लग्नात घेऊ म्हणून ती थांबली होती, आणि माझ्या मोडलेल्या लग्नात तिचंही काही मोडलं होतं हे मला त्या घरात राहूनही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "नेस ना मग." ती आढेवेढे घेत नेसायला लागली. पुढच्या खोलीतून पट्ट्याचा आवाज येत होता, आबा कोणाला तरी ओरडून काही सांगत होते. मी खाली बसून तिच्या निऱ्या धरल्या, सारख्या केल्या. नवं कापड बोटांत होतं, खळीचा तोच वास. मी कुठून घेतली विचारलं नाही, केवढ्याला विचारलं नाही. माय वरून म्हणाली, "कशी दिसस?"

"छान," मी म्हटलं, आणि निऱ्या धरून तशीच बसून राहिले. मला त्या वेळी काही म्हणजे काही घ्यावंसं वाटत नव्हतं.